पाहुण्यांपुरतं पाणी

आमच्या गावात कुणी परका माणूस आला आणि त्याने पाण्याचं विचारलं, की सगळं गाव एका तोंडाने खोटं बोलतं. मला याचा मनस्वी राग येतो आणि तो मी कधी लपवलेला नाही. शिरूर कासारच्या बाजूचं आमचं गाव. होळी झाली की हातपंप नुसते खडखडतात. मग टँकर येतो, विहिरीत पाणी ओतून जातो आणि तेच पाणी बायांनी पुन्हा दोराने शेंदून वर काढायचं. पण हे बाहेर सांगायचं नाही, कारण पाणी नसलेल्या गावात कुणी मुलगी देत नाही. आणि आमच्याकडे एक घर सोडून दुसऱ्यात लग्नाचा मुलगा बसलेला आहे.

मी गावातली अंगणवाडी चालवते. पोरांच्या खिचडीला आणि नंतर ते पातेलं घासायलाही विहिरीवर जावं लागतं. म्हणून विद्यापीठाच्या मॅडम येणार म्हटल्यावर मला फार बरं वाटलं. हवामान असं बिघडत चाललं असताना गावं तग कशी धरतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. ज्या गावात पाण्याचे हाल जास्त, तिथल्या अंगणवाडीला छतावरचं पाणी साठवायची मोठी टाकी त्यांच्या प्रकल्पातून मिळणार होती. उन्हाळ्यात टँकरही थेट तीत रिकामा करता आला असता. साडी-दागिन्यांचा मला कधी मोह पडला नाही, पण त्या टाकीचा पडला.

आदल्या दिवशी मी थोरल्या भाऊजींना, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना, बजावलं की यावेळी खरं बोला. गावात त्यांचा शब्द चालतो. त्यांनी मान डोलावली.

सकाळी जीप आली आणि आमचं नशीब बघा, तिचा ड्रायव्हर निघाला धारूरकडचा. ज्या गावच्या मुलीशी माझ्या पुतण्याची, भाऊजींच्या थोरल्या मुलाची, बोलणी चालली होती, नेमका त्याच गावचा. भाऊजींनी त्याला गाव विचारलं आणि मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. टाकी तिथेच बुडाली.

मॅडमनी विचारलं, "उन्हाळ्यात पाण्याचं कसं असतं?"

"पाण्याला काय कमी न्हाई," भाऊजी म्हणाले आणि सगळ्यांना विहिरीवर घेऊन गेले. टँकर नुकताच ओतून गेला होता, काठावरचा चिखलही वाळला नव्हता. "जिता झरा हाय, मॅडम. आमच्या आज्याच्या टायमापासून आटला न्हाई."

मॅडमनी फोटो काढले. काठावर उभ्या असलेल्या बायांपैकी एकीने तर "पाणी लई गोड हाय" अशी पुस्तीही जोडली. हीच बाई आदल्या दिवशी एका घागरीवरून माझ्याशी भांडली होती.

ड्रायव्हर चहाला बसला तेव्हा मी मॅडमना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. बाई समजूतदार होती. म्हणाली, "ताई, तुम्ही खोटं बोलत नाही हे कळतंय. पण एकट्या तुमच्या सांगण्यावर मला लिहिता येणार नाही. मी घरोघरी विचारते." आणि भर उन्हात विचारलंही तिने. प्रत्येक घरात तेच उत्तर. वर प्रत्येक घरात गार पाण्याचा तांब्या, सरबत आणि "अजून घ्या की, मॅडम." एका घरातले भरलेले हंडे मॅडम बाहेर पडायच्या आतच मागच्या दाराने पुढच्या घरात पोचत होते. एवढी एकजूट आमच्या गावाने पाणी आणण्यासाठी दाखवली असती तर आज नळ असते.

संध्याकाळी मी पदर सावरला आणि भाऊजींना विचारलंच. "कावून असं केलं, भाऊजी? टाकी गेली ना."

"टाकी परत येईल. पोरगी हातची गेली तर परत येत न्हाई. झाकली मूठ ऱ्हाऊ द्या."

"आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार? ती पोरगी इथं आल्यावर तिला काय सांगणार हाव?"

"आल्यावर ती घरची झाली. घरच्याला काय सांगायचं आसतं?"

मी घागर उचलली आणि विहिरीकडे निघाले.

टाकी शेजारच्या गावाला गेली. तिथली माणसं काही आमच्याहून सत्यवादी नाहीत. बहुधा त्या वर्षी त्यांच्या पुढाऱ्याच्या घरी कुणी लग्नाचं नसावं. आमच्याकडे मात्र तुळशीच्या लग्नानंतर मांडव पडला, सून आली आणि पुढच्या उन्हाळ्यात दोराने तिच्या तळहातांना फोड आणले. "काकी, आमाला जिता झरा हाय म्हणून सांगितलं होतं," ती रडत म्हणाली. मी तिच्या हाताला खोबरेल लावलं आणि म्हटलं, मॅडम पुन्हा येणार आहेत, यंदाही एक टाकी द्यायची आहे त्यांना, तू तरी खरं सांग. "सांगते की. मी काय भिते का कुणाला?" ती म्हणाली. मला धीर आला. टाकी कुठे बसवायची ती जागासुद्धा मी पुन्हा बघून ठेवली.

मॅडम आल्या. यावेळी त्यांना नव्या सुनांशीच बोलायचं होतं. मी दाराआड उभी राहिले. आमच्या सुनेने दोन्ही तळहात पदराखाली घेतले आणि शांतपणे सांगितलं, "पाण्याला काय कमी न्हाई, मॅडम."

जीप वळायच्या आत मी तिला धरलं. "अगं, काय केलंस हे?"

"धाकट्या भावजींचं जमायचं हाय ना, काकी," ती म्हणाली. "माझ्या मावशीची पोरगी बघितलीया मी त्यांच्यासाठी. दोघी आसलो म्हंजी शेंदायला बरं पडंल."