जिभेखालचं हाड

सुपारी पुरती वाळली की नाही हे ओळखायचे वाडीवाल्यांचे आपापले प्रकार असतात. कोणी ती कानाशी धरून हलवून बघतो, कोणी अडकित्त्याने फोडून आतला रंग बघतो. मला मात्र खांड दाढेखाली गेल्याशिवाय पटत नाही. वडिलांचंही तसंच होतं, आणि दिवेआगरातल्या आमच्या मालाला व्यापाऱ्याने कधी नाव ठेवलं नाही. त्यामुळे वाळवणाच्या दिवसांत सकाळपासून माझं तोंड हलतच असतं. बायको याला चाखणं म्हणत नाही, चरणं म्हणते.

त्या वर्षी असंच चरताना एक कपचा जिभेखाली सरकला. तो काढायला बोट घातलं, तर खालच्या दातांच्या आतल्या बाजूला काहीतरी टणक लागलं. दुसरीकडे चाचपलं, तर तिथेही तसंच. दाढीचा आरसा आणि बॅटरी घेऊन न्हाणीघरात गेलो आणि कडी लावली. दोन्ही बाजूंना चिंचोक्याएवढे उंचवटे होते, वरून हिरडीसारखेच गुलाबी. दुखत नव्हते. पण न दुखणारी गाठच वाईट, हे ज्ञान मला कोणी कधी दिलं ते आठवत नसलं तरी ते पक्कं होतं.

जन्मभर सुपारी चघळणाऱ्याला दुसरं काय होणार, असं मीच ठरवून टाकलं. भीती वाटलीच, पण त्याहून जास्त राग आला. वादळाने अर्धी वाडी आडवी केली तेव्हा मी रडत बसलो नव्हतो. पडलेली खोडं ओढून काढून त्याच जागी नवी रोपं लावली. पोफळ काही लगेच फळत नाही. इतकी वर्षं पाणी घातल्यावर आता कुठे त्यांना पहिली फळं धरली होती. आणि ती पिकून वाळायच्या आत आपलाच कारभार आटोपणार. हे मला अजिबात मान्य नव्हतं, पण तक्रार करायची कुणाकडे?

घरात काही बोललो नाही. रोज सकाळी कडी लावून आरशात बघायचो आणि गाठ वाढल्याची खात्री करून घ्यायचो. लवंगेचं तेल लावलं, मिठाच्या गुळण्या केल्या. बायकोला वाडीत नेऊन पाण्याची पाळी कशी लावायची, शेजारच्यांची हद्द कुठून सुरू होते, हे समजावू लागलो. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हद्द मी चुकीची दाखवतोय हे सांगितलं.

सुपारी मात्र तोंडात घालणं बंद केलं. त्या साली पहिल्यांदाच नुसत्या आवाजावर विश्वास ठेवून पोती भरली. शेवटचं पोतं शिवत होतो तेव्हा बायको समोर येऊन बसली. म्हणाली, "एक खांडपण तोंडात न घालता पोती शिवलीत तुम्ही. काय झालाय तोंडाला, दाखवा."

मी टाळाटाळ करून पाहिली. तिने माझं तोंड उजेडाकडे वळवून मला आ करायला लावलं आणि नीट पाहून घेतलं. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही म्हसळ्याला निघालो. तिथे दातांची एक तरुण डॉक्टरीण आहे. वाटेत मी बायकोला कितीतरी वेळा सांगितलं, की मुंबईला पाठवतील, पण मी जाणार नाही. ती खिडकीबाहेर बघत होती.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घालून दोन्ही उंचवटे दाबले, गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा पाहिल्या, फोटो काढला. दुखतं का, जखम होते का, जेवताना अडतं का, असं विचारत गेल्या. मी नाही नाही म्हणत होतो आणि प्रत्येक नाहीनंतर आणखी घाबरत होतो. मग त्या स्टूल ओढून समोर बसल्या.

"काका, हे हाड आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्याच जबड्याचं, जरा जास्त वाढलेलं. कॅन्सर नाही."

मला पटेना. मी म्हटलं, मग रोज वाढतंय कसं? त्या हसल्या. म्हणाल्या, वाढतंय, पण इतकं हळू, की तरुणपणापासून तोंडात असूनही तुम्हाला पत्ता नव्हता. पुष्कळांना असतं, कुणाला जिभेखाली, कुणाला टाळूला. त्याला औषध नाही आणि गरजही नाही. पुढे कवळी बसवताना अडलं, किंवा घासून सारखी जखम व्हायला लागली, तर तेवढी जागा बधिर करायची, हिरडी उघडून हाड घासून सपाट करायचं आणि टाके घालायचे. तोवर हात लावायचा नाही. आरशात बघणं तर पहिलं बंद करा, असंही सांगितलं. मी खूश होऊन उठणार, तेवढ्यात त्यांनी बसवलं. हे सुपारीमुळे झालेलं नाही, पण म्हणून सुपारी साधी नाही; तिच्याने जे होतं ते या हाडासारखं निरुपद्रवी नसतं. तेव्हा ती तोंडात घालायची नाही ती नाहीच. मी त्या आनंदात कशालाही हो म्हटलं असतं. हे मात्र अजून पाळतो आहे. सुपारी अडकित्त्याने फोडतो, बघतो आणि बायको समोर असली की मोठ्याने उसासा टाकतो.

जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते मला दवाखान्याचा जिना उतरताना कळलं. स्टँडजवळ बायकोने कोळणीकडून सुरमई घेतली, भाव न करता. घासाघीस न करता मासळी घेताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी नेहमीसारखे समोरासमोर जेवायला बसलो. तिने माझ्या ताटात तुकडी वाढली, मग स्वतःच्या, आणि भाताला हात लावायच्या आधी तीच खाल्ली. मी गमतीने म्हटलं, आज घाई दिसते.

"देवीला बोलले होते," ती म्हणाली. "तुम्ही आरसा घेऊन कडी लावायला लागलात, तेव्हापासून. तुमचा नीट कळेपर्यंत मासे खायचे न्हाय."

ती रोज मासे करत होती, मला वाढत होती, आणि समोर बसून आमटीभात खात होती. माझं लक्ष सगळं माझ्याच तोंडात. माझ्या ताटातली तुकडी मी उचलून तिच्या ताटात ठेवली. एरवी तिने ती परत टाकली असती. त्या दिवशी मात्र खाल्ली.