लॅक्रिमा आणि बाबांचा गमछा

बाबा भिलाईच्या प्लांटमध्ये क्रेन चालवतात. वर्षानुवर्षे भट्टीची धग खाऊन त्यांचे डोळे कोरडे पडले. डॉक्टरांनी थेंब दिले आणि बजावलं, फरक पडला नाही तर क्रेनवर चढू देणार नाहीत.

घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली, म्हणून चिठ्ठीवरचा 'लॅक्रिमल' हा शब्द माझ्याकडे आला. मी शोधून सांगितलं, "बाबा, लॅटिनमध्ये अश्रूला लॅक्रिमा म्हणतात. आधी तो दाक्रुमा होता. ग्रीकमध्ये दाक्रू. आपला अश्रू हा शब्दही बहुतेक त्यांच्याच नात्यातला आहे."

"समजलं. आता थेंब टाक," बाबा म्हणाले.

मी टाकले. त्यांनी लगेच खांद्यावरच्या गमछ्याने डोळे पुसले.

"बाबा, पुसता कावून?"

"क्रेनवर डोळ्यात पाणी आलं का पुसाच लागते. नाही तं खाली काय दिसन?"

"हे घर आहे, बाबा!"

मी पुन्हा टाकले, त्यांनी पुन्हा पुसले. रोज हेच. शब्दाचं सगळं खानदान समजावता आलं, पण एक हात आवरता येईना.

"अवो, पोरगी रडाले आली," आई चुलीपाशून म्हणाली. "आता तिचे पुसा!"

शेवटी मी गमछा ओढला आणि त्यावरच बसले. थेंब बाबांच्या गालांवरून ओघळले. हात खांदा चाचपत राहिला.

"कोनी पाहीन तं म्हणन, हा रडून राहिला," ते पुटपुटले.

"म्हणू द्या," मी म्हणाले. "हात खाली."