ओळ खाली पडू द्यायची नाही

रुखमाईशी मी अबोला धरला होता. मनातल्या मनात नव्हे, चांगला भर देवळात, चार बायकांदेखत. थायरॉइडची गाठ काढली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, जिवाला धोका नाही ताई, आवाजाचं मात्र सांगता येत नाही. आवाज गेलाच. काही महिन्यांनी परत आला तेव्हा मीच त्याला ओळखलं नाही. लग्नाआधीपासून मी भजनात गात आले. हिवरखेडच्या आमच्या मंदिरात मी वरचा सूर लावला की बाहेर पारावर बसलेली माणसं हातातले पत्ते खाली ठेवत. हे मी सांगत नाही, तीच माणसं सांगत. आणि आता त्याच गळ्यातून गंजलेल्या फाटकासारखा आवाज निघत होता.

तेव्हा मूर्तीपुढे उभी राहून मी म्हणाले, "तुले माहा गळा पायजे होता ना? नेला ना? मग आता माह्याकडून भजन मांगू नको!" बायकांनी तोंडाला पदर लावले. मला काही भीती वाटली नाही. रुखमाई वऱ्हाडची लेक, कौंडण्यपूरची. नवऱ्यावर रुसून वेगळी जाऊन राहिलेली बाई ती. रुसवा म्हणजे काय हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. हार मात्र रोज जात होता. आमचा झेंडू-शेवंतीचा मळा आहे, देवळातला हार आमच्याच घरचा. भांडण भांडणाच्या जागी, हार हाराच्या जागी.

भजनी मंडळ माझ्या मोठ्या जाऊबाई सांभाळू लागल्या. दर एकादशीला त्या दारात येऊन उभ्या राहायच्या. "चाल वं, मागं बसून टाळ तरी वाजव." मी म्हणायची, "मी मागं बसणारी बाई नाही, जाऊबाई." त्या कपाळावर हात मारून निघून जायच्या आणि मी दार लावून टीव्हीचा आवाज मोठा करायची. भजन दोन गल्ल्या ओलांडून तरीही ऐकू यायचं. त्यात माझी जागा कुठे रिकामी आहे, तेही ऐकू यायचं.

अशात एक दिवस अकोल्याहून मुलीचा फोन आला. तिने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी मिळून ब्लूज महोत्सव भरवला होता.

"आई, यायचंच आहे तुला."

"ते काय असते?"

"दुःखाची गाणी असतात. मनातलं सगळं ओरडून सांगायचं."

"मग त्याले तिकीट कावून? आपल्या घरी तर फुकट ऐकू येते."

पण गेले. आणि एकटी कशी जाणार? जाऊबाईंनी हे भजनाचंच काहीतरी असणार असं ठरवून टाकलं आणि अख्खं मंडळ जीपमध्ये भरलं. त्यातल्या दोघींच्या पिशव्यांत टाळही होते. मैदानावर पोचलो तर दिवस मावळत होता, थंडी पडायला लागली होती. स्टेजवर निळे दिवे, खुर्च्यांवर काळे शर्ट घातलेली तरुण मुलं, आणि त्यांच्यामधून चाललेली आमची नऊवारी-सहावारी वरात! खुर्च्यांजवळ आल्यावर जाऊबाईंनी चपला काढल्या. मग सगळ्यांनीच काढल्या. मुलीने डोळे मिटून घेतले.

पहिले दोन कार्यक्रम आम्ही सोसले. ढोल मोठा, गिटार त्याहून मोठी. जाऊबाई माझ्या कानात ओरडल्या, "हे लोक कोणाशी भांडून राहिले वं?" मग एक बाई आली. मेघालयातली, साठीची असेल, जाडजूड, गुडघा दुखत असावा तशी चालणारी. ती खुर्चीवर बसली, माइक जवळ ओढला, आणि तिने तोंड उघडलं मात्र, मी सरळ होऊन बसले. आवाज फाटलेला होता. माझ्यासारखाच. जिथे सूर तुटायचा तिथे ती तो लपवत नव्हती, उलट तिथेच जास्त वेळ थांबत होती.

"काय म्हणते ही?" मी मुलीला विचारलं.

मुलगी कानाशी वाकली. "म्हणते, देवा, तूच माझा दिवा विझवलास. हीच ओळ दोनदा म्हणणार. आणि मग म्हणणार, आता अंधारात चाचपडत तूच ये."

ही तर माझीच भाषा! इतक्या लांबून येऊन ही बाई भर मैदानात माझंच भांडण भांडत होती.

आता आमच्या मंडळाचा एक रिवाज सांगायला हवा. पुढचीने ओळ सोडली की मागच्यांनी ती झेलायची. ओळ खाली पडू द्यायची नाही. हे आमच्या इतकं अंगवळणी पडलेलं की झोपेतही चुकणार नाही. त्या बाईंनी पहिली ओळ म्हटली आणि त्या थांबल्या. ती जागा गिटारने भरायची असते, हे आम्हाला कुठे ठाऊक? पिशव्यांतून टाळ निघाले आणि आमच्या बायकांनी तीच चाल, शब्दांच्या जागी "हो जी, हो जी" घालून, खणखणीत परत म्हटली.

सगळं मैदान मागे वळलं. हशा पिकला. पुढच्या रांगेतला एकजण ओरडला, "ओ काकू, ही काकडआरती नाही!" गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेली एक पोरगी ओठांवर बोट ठेवून धावत आली. जाऊबाईंनी टाळ पदराखाली लपवले.

स्टेजवरच्या बाईंनी हात वर केला. वाद्यं थांबली. डोळ्यांवर हाताचा आडोसा करून त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि काहीतरी म्हटलं. मुलगी चाचरत म्हणाली, "आई, त्या म्हणतात, पुन्हा म्हणा."

त्यांनी ओळ पुन्हा गायली आणि आमच्या दिशेने सोडून दिली. गिटारवाल्याने बोटं उचलून धरली. आणि आमचं मंडळ? चिडीचूप! पुन्हा लोक हसतील या भीतीने एकीच्याही तोंडून शब्द फुटेना. ओळ तशीच मैदानावर लोंबकळत राहिली. मी जाऊबाईंना कोपराने ढोसलं. "उचला ना!" त्यांनी मान हलवली. ओळ पडणार, हे मला दिसत होतं. डोळ्यांदेखत.

मग मी उभी राहिले. तो काकडआरतीवाला हसत होता म्हणून उभी राहिले, की ओळ पडू नये म्हणून, की कोणी उभं केलं म्हणून, मला सांगता यायचं नाही. इंग्रजी मला येत नाही. त्याच चालीवर तोंडातून आलं ते हे:

"माहा गळा तुनं नेला वं बाई…"

आवाज मधेच फाटला. मी थांबले नाही. आणि शेजारून, पदराखालचे टाळ काढून, जाऊबाईंनी ती ओळ झेलली. मग सगळ्यांनी झेलली. तिसरी ओळ मी आधी जुळवलेली नव्हती, ती आपसूक आली:

"आता फाटकाच ऐकून घे!"

गिटार कडाडली. स्टेजवरच्या बाई मांडीवर थाप मारून हसल्या. त्यांना शब्द कळले नसतील, भांडण मात्र नक्की कळलं. पुढे किती वेळ आम्ही दोघी एकमेकींकडे ओळी फेकत होतो ते मुलीला विचारा. मी फक्त एवढं सांगते की शेवटी तो काकडआरतीवालाही टाळ्या वाजवत होता, आणि त्याचा ताल चुकत होता.

हा चमत्कार होता का, मला कोणी विचारू नये. माझा आवाज बरा झालेला नाही. डॉक्टर म्हणतात, आता असाच राहणार. पण पुढच्या एकादशीला जाऊबाई दारात यायच्या आधीच मी देवळात जाऊन बसले. मूर्तीकडे बघून म्हटलं, "आली मी. माफी मांगायले नाही आली, गायले आली." रुखमाई कमरेवर हात ठेवून उभी होती, नेहमीसारखीच. तिनेही माफी मागितली नाही. आमचं बरोबर जमलं.

गळा चांगला होता तेव्हा प्रत्येक सूर मी शेवटपर्यंत मुठीत धरून ठेवायची. मधेच कोणाच्या हाती देण्याची गरज पडली नव्हती. आता पुढे बसून मीच ओळ सुरू करते. वरचा सूर जवळ आला की गळा नकार देतो, मी तिथेच ती सोडून देते आणि वाट बघते. मग मागून जाऊबाई आणि साऱ्याजणी ती वर उचलून नेतात, माझ्या जुन्या आवाजाहूनही उंच. मी रुखमाईकडे बघते आणि हात जोडते. ओळ आजवर एकदाही खाली पडलेली नाही.