सपाट शेतावर माझा डोंगर

शनिवारी सकाळी नऊ वाजता बेस्ट नावाच्या डच गावाजवळच्या एका स्पोर्ट्स हॉलच्या दारात मी फोनमध्ये लसीचा क्यूआर कोड शोधत उभी होते. तोंडावर मास्क, आणि दुसऱ्या हातात चार फुटी फळीचं एक टोक. दुसरं टोक याप आजोबांच्या हातात. फळीवर ओल्या पंच्याखाली झाकलेलं एक रणांगण होतं...

याप आजोबा आमच्या गावच्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष, वय अठ्ठ्याहत्तर. मंडळ म्हणजे एकूण पाच माणसं. कोरोनात डच बोलायचे सगळे क्लास बंद पडले म्हणून मी त्यात घुसले, आणि मंडळाचं सरासरी वय एकदम खाली आलं.

गावाबाहेरच्या एका शेतात मध्ययुगात मोठी लढाई झाली होती. तिथे एक साधी माहितीची पाटी लागावी म्हणून आजोबा अकरा वर्षं गेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, मागे लागलेत. शेवटी उत्तर आलं, लोकांना यात रस आहे हे दाखवा, शंभर सह्या आणा. आणि लगेच लॉकडाऊन! लोक दुसऱ्याच्या पेनाला हात लावायलासुद्धा घाबरत होते, सह्या कुठून मिळणार?

म्हणून या वॉरगेम्सच्या प्रदर्शनात आम्ही एक टेबल मिळवलं. टेबलावर बोटभर उंचीचे रंगवलेले सैनिक मांडायचे, फासे टाकायचे आणि जुन्या लढाया पुन्हा लढायच्या, असा हा खेळ. खेळणारे बहुतेक पन्नाशीतले बाप्ये. पुन्हा सगळं बंद होणार अशी कुजबूज सुरू झाली होती, त्यामुळे आजोबांसाठी हीच काय ती संधी होती.

माझ्याकडे काम होतं रणांगणाचं मॉडेल करायचं. म्हटलं, हात्तिच्या! पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर दिवाळीला किल्ला केलेली बाई मी. आजोबांनी आखून दिलेला नकाशा समोर ठेवला, माती कालवली, अळीव पेरले, रोज पाणी शिंपडलं. आठ दिवसांत असं काही तरारून आलं की नवऱ्याने फोटो स्टेटसला टाकले.

फक्त एक झालं... थोडी माती उरली. उरलेल्या मातीचं हात काय करणार? मधोमध छानपैकी डोंगर झाला. डोंगरावर बुरूज, बुरुजाकडे जाणारी वाट, वाटेत गुहा. गुहेत वाघ बसवायचा मोह मात्र मी आवरला.

हॉलमध्ये पंचा बाजूला केला आणि आजोबा बघतच राहिले. "तिथे डोंगर नाहीये," ते म्हणाले. "या भागात कुठेच डोंगर नाहीये." डच माणसं गोड बोलायच्या भानगडीत पडत नाहीत. मी डोंगर उचकटायला गेले, तर अळिवाच्या मुळांनी माती अशी घट्ट धरून ठेवलेली की ढिम्म हलेना. तेवढ्यात दारं उघडली.

पहिले दोन तास आमच्या टेबलाकडे कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून, सह्यांचे कोरे कागद पुन्हा पुन्हा सरळ करत बसले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग एक दाढीवाले गृहस्थ थांबले. वाकून नीट पाहिलं आणि म्हणाले, "हा डोंगर चूक आहे." मी माफी मागितली, पण ते जाईनात! त्यांनी मित्राला बोलावलं, मित्राने आणखी दोघांना. अर्ध्या तासात दहा जण मला एकच चूक दहा प्रकारे समजावून सांगत होते...

एकाने तर मास्क खाली करून गवत चाखलं आणि जाहीर केलं की ही तर ताउनकेर्स! आपले अळीव इथे सुपरमार्केटमध्ये कोवळ्या रोपांच्या रूपात, ब्रेडवर घालून खायला मिळतात. त्यानंतर रणांगणाची पूर्वेकडची बाजू हळूहळू टकली होत गेली.

मग वाद पेटला... डोंगर असता तर कोण जिंकलं असतं? फासे आले, सैनिक आले, माझ्या बुरुजावर तिरंदाज चढले. आता मात्र आजोबांना राहवेना. ते ताडकन उठले.

"डोंगर नव्हता म्हणूनच तर इथले लोक हरले!" आणि जे सुरू झाले... चढून उभं राहायला उंचवटा नाही, चिलखती घोडेस्वार चिखलात कसे रुतले, मागे नदी कशी आडवी आली. लोक फासे मुठीत धरून ऐकत होते, मधेच अडवून प्रश्न विचारत होते. मी फक्त पेनांना सॅनिटायझर फासून एकेकाच्या हातात देत होते.

चार वाजता सह्या मोजल्या. एकशे सव्वीस! आजोबांचा विश्वास बसेना, त्यांनी परत मोजल्या.

घरी निघालो तेव्हा ते म्हणाले, "गाडी जरा शेताकडून घे." मी वर्षभर मंडळात आहे, पण सगळ्या मीटिंगा लॅपटॉपवर. ते शेत मी कधी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. खरंच लाज वाटली.

कापलेल्या मक्याचे खुंट, कडेला पाण्याने भरलेला चर, बाकी काही नाही. आजोबा कुंपणापाशी गेले आणि बुटाच्या टाचेने चिखलात एक खूण केली. "इथे," म्हणाले. "इथे मेले ते याच आसपासच्या गावांतले होते. त्यांची नावंसुद्धा कुणी लिहून ठेवली नाहीत." अकरा वर्षं हा माणूस त्यांच्यासाठी एक पाटी मागत होता...

सोमवारी आम्ही दोघं कागद घेऊन गेमेंटेत जाणार आहोत. त्या एकशे सव्वीस अनोळखी लोकांचे अगदी मनापासून आभार. तुमचं बरोबर होतं हो. तिथे खरंच डोंगर नाही, मी स्वतः जाऊन बघून आले.