बेदाण्याच्या शेडमधलं इंग्रजी

मेजरांच्या वर्गात 'येस सर' म्हटलेलं चालत नसे. नाव पुकारलं की उठून उभं राहायचं, 'आय ॲम प्रेझेंट' असं पुरं वाक्य म्हणायचं आणि ते 'बसा' म्हणेपर्यंत तसंच थांबायचं. "नुसता शब्द कुनीबी फेकतंय," ते म्हणत. "वाक्य पुरं पायजे. अर्धं वाक्य म्हंजी अर्धी वर्दी. तसं भाईर पडतंय का कोन?"

खरं तर ते मेजर नव्हतेच, हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पण आमच्या कवठे महांकाळ भागात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो आणि त्यांनीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. गावाबाहेर त्यांची थोडी द्राक्षबाग आणि बेदाणा सुकवायची शेड होती. हंगाम संपला की शेड रिकामी पडायची. तिथंच, जाळ्यांच्या रांगांमध्ये गोणपाट अंथरून, ते आम्हा पाच बायकांना इंग्रजी शिकवायचे. हंगामात बेदाणा निवडायलाही आम्हीच पाचजणी असायचो. शिकवण्याची कल्पना मात्र माझी होती, आणि तिला कारण होतं.

माझी बारावी इंग्रजीत राहिली होती. मग लग्न झालं, दोन मुलं झाली आणि ते तसंच राहून गेलं. आमच्या अंगणवाडीच्या ताई पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. त्या जागेला गावातलीच बाई हवी होती आणि ती बारावी पास हवी होती. अंगणवाडी माझ्या दारातून दिसते. त्या खोलीत मुलांना गोळा करून बसावं असं मला फार वाटायचं. आड येत होता तो फक्त एक पेपर.

मेजरांची शिकवायची रीत जगावेगळी होती. बेदाण्याची जुनी खोकी फाडून त्यांनी पुठ्ठ्यांवर एकेक शब्द लिहिला होता. ते पुठ्ठे छातीशी धरून आम्ही ओळीत उभं राहायचं आणि शिट्टी वाजली की आपापली जागा घ्यायची. 'शी', 'इज', 'माय', 'सिस्टर'. माझ्या वाट्याला नेहमी 'इज' यायचा आणि मी सवयीनं ओळीच्या शेवटी जाऊन उभी राहायची.

"सुरेखा, फुडं ये," मेजर एकदा म्हणाले. "आपल्यात क्रियापद शेवटी बसतंय, घरातली बाई जेवायला बसती तसं. इंग्रजीत त्याचा नंबर दुसरा. तिथं बिनधास्त उभी ऱ्हा, कोन काय म्हनत न्हाई."

आम्ही हसलो. पण त्या दिवसापासून मी घरीही सगळ्यांबरोबर जेवायला बसू लागले, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

गणपतीच्या आधी तालुक्याच्या कॉलेजात सराव पेपर झाला. मैत्रिणीला घरभरणीचं आमंत्रण द्यायचं पत्र होतं. मी झोकात लिहिलं आणि खुशीत परत आले. पेपर तपासून मिळाला तेव्हा तिथल्या मॅडम ओठ दाबून हसू आवरत होत्या. मी मैत्रिणीला 'रिस्पेक्टेड सर' लिहिलं होतं. घरभरणीसाठी दहा दिवसांची रजा मंजूर करावी अशी नम्र विनंती केली होती. रजेतला पत्ता दिला होता आणि वेळेवर हजर होईन असं वचनही दिलं होतं. खाली सही, 'युवर ओबिडियंट सर्व्हंट'. ते वर्गात वाचून दाखवल्यावर मुलं खो खो हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मेजरांचा रागही आला.

शेडमध्ये आले आणि पेपर त्यांच्या पुढ्यात ठेवला. "आवं मेजर, तुमी शिकवलं तसंच लिवलं मी."

त्यांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं, पुठ्ठे गोळा केले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी वर्ग झाला नाही, तिसऱ्याही नाही. मला वाटलं, संपलं सगळं. नंतर कळलं की ते रोज सकाळच्या एस.टी.नं तालुक्याला जात होते आणि मॅडमांची परवानगी घेऊन मागच्या बाकावर, पोरांच्यात बसत होते.

आठवड्यानं त्यांनी आम्हाला बोलावलं. आम्ही बसलो, ते उभेच राहिले. "माझं चुकलं," ते म्हणाले. "इंग्रजीत मला एकच पत्र येतंय, रजेचं. फौजेत तेवढंच लिवलं. मंजूर किती झाल्या ते इचारू नका." मग गंभीर होत म्हणाले, "जे येत न्हाई ते शिकवलं, ह्यो गुन्हा हाय. आता मीबी शिकतोय. भाईरनं परीक्षा द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. बारावीला बसनार."

पासष्टी उलटलेला माणूस, दहावी होऊन भरती झालेला. पुढं चार शिकल्यासवरल्या माणसांत मी अनेक वर्षं वावरले, पण 'माझं चुकलं' इतक्या सरळ म्हणणारं दुसरं कुणी मला भेटलेलं नाही.

त्यानंतर आम्ही रोज एकमेकांना पत्रं लिहिली. कधी ते माझी मैत्रीण व्हायचे, कधी मी त्यांचा मित्र. निकाल लागला तेव्हा मी पास झाले होते. मेजर सगळ्या विषयांत सुटले, इंग्रजी तेवढं राहिलं.

"असं कसं झालं?" मी विचारलं.

"मित्राला पत्र लिवायचं हुतं. म्हसवडचा एक दोस्त आठवला, माझ्या पलटनीतला. लिवत बसलो, आनि पेपरचा येळ संपला."

"मग ते पत्र त्यांना पाठवा की."

"त्याला कुठं इंग्रजी येतंय?" असं म्हणून ते स्वतःच हसत सुटले.

जूनमध्ये माझी अंगणवाडीची ऑर्डर आली. पेढे घेऊन शेडवर गेले तर गोणपाट अंथरलेलं होतं, चौघी बसल्या होत्या आणि मेजर त्यांच्या शेजारी वही घेऊन मांडी घालून बसले होते. त्यांनी शिट्टी आणि हजेरीचा कागद माझ्या हातात दिला. "घे. जुलैला माझा पेपर हाय."

मी नावं पुकारत गेले. शेवटचं नाव त्यांचं होतं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, टोपी सारखी केली आणि ताठ उभे राहिले.

"आय ॲम प्रेझेंट, मॅडम."

 'बसा' म्हणायचं मला सुचलंच नाही. आणि मी म्हटल्याशिवाय मेजर बसणार नव्हते.