शांतवन प्रभूकडे गेला तेव्हा

शांतवन गेल्याचं सांगायला त्याच्या मुलीनं, रूथनं, फोन केला आणि मी तिच्यावर खेकसलो. "काका, बाबा प्रभूकडे गेले," एवढंच ती म्हणाली. मी म्हटलं, "आजही? आज मंगळवार ना! गुरुवारी त्याच्याकडे, रविवारी त्याच्याकडे, आता मंगळवारही त्यालाच? त्याला म्हणावं, तिथेच मुक्काम कर, परत येऊच नकोस." ती पोर हुंदका गिळत म्हणाली, "काका, ते शिवाजीनगरचे प्रभू नाहीत हो…"

खुलासा करतो. आमच्या बंगळूरमधल्या शिवाजीनगरात हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करणारा प्रभू नावाचा माणूस आहे. दुकानाच्या वरच्या खोलीत तो प्रार्थनासभा चालवतो. शांतवन गायकवाड हा नगरकडचा मराठी ख्रिस्ती, त्यामुळे वरचा प्रभू त्याचा जन्मापासूनचा आणि खालचा निवृत्तीनंतरचा. त्याच्या घरात कुणी वारलं की प्रभूकडे गेलं असं म्हणतात, हे मी इतक्या वर्षांत शंभरदा ऐकलं होतं. पण जळणाऱ्या माणसाला एका शब्दाचा एकच अर्थ ऐकू येतो, आणि मी त्या पेटीवाल्यावर जळत होतो. त्याला मत्सर वगैरे भारदस्त नाव देण्यात अर्थ नाही. साधं, शाळकरी जळणं.

त्याआधी शांतवन माझा होता. यशवंतपूरच्या एकाच कारखान्यात आम्ही एकाच आठवड्यात लागलो. तो नगरचा, मी सांगलीचा, आणि दोघांनाही कन्नडमधलं "ऊटा आयता", म्हणजे जेवण झालं का, एवढंच येत होतं. परमुलुखात मराठीत शिव्या द्यायला माणूस मिळणं म्हणजे काय, ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी मल्लेश्वरममधल्या एका दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, आम्ही भेटायचो आणि एक बाय-टू सांगायचो. एक कॉफी, दोन ग्लासांत अर्धी अर्धी. डॉक्टरांनी दोघांनाही साखर तोडलेली. अर्धी कॉफी म्हणजे अर्धं पाप, असा शांतवनचा हिशेब, आणि पापाच्या बाबतीत मी त्याचा शब्द अंतिम मानायचो.

मग एकदा त्याच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, पेटी बिघडली. ती घेऊन तो शिवाजीनगरला गेला आणि परत आला तो शेवटचे दिवस घेऊन. जगाचा शेवट जवळ आलाय, येशू पुन्हा येणार, कर्णा वाजेल आणि जे तयार असतील ते आहेत तिथून वर नेले जातील. हे तो लहानपणापासून मानतच होता, पण आता प्रभूच्या सभेत त्याची चिन्हं तपासली जायची. युद्धं, भूकंप, रोगराई, माणसांची आटत चाललेली माया. भाजीवालीच्या गाडीवर मोबाईलनं पैसे द्यायची चौकोनी खूण लागली, तेव्हा हाच तर बायबलातला, ज्याच्याशिवाय शेवटी खरेदी-विक्रीच करता येणार नाही तो, श्वापदाचा शिक्का नव्हे ना, यावर म्हणे दोन गुरुवार चर्चा झाली. त्या दोन्ही गुरुवारी मी दर्शिनीत एकटा उभा. एकट्याला बाय-टू मागता येत नाही, पोऱ्या हसतो. मी पूर्ण कॉफी प्यायलो आणि शांतवनच्या हिशेबानं पूर्ण पापी झालो.

मग मी स्पर्धेत उतरलो. त्या पेटीवाल्यापेक्षा सरस चिन्हं मी आणून दाखवीन! सकाळी पेपर उघडला की बायकोच्या आधी भूकंप गाठायचा. आमच्या शहरातलं एक तळं फेसाळून रस्त्यावर आलं आणि एकदा चक्क पेटलं, तेव्हा मला झालेला आनंद सभ्य माणसाला शोभणारा नव्हता. कात्रण घेऊन मी धावतच दर्शिनी गाठली. "शांतवन, पाणी पेटलं! याहून मोठं चिन्ह तुझ्या प्रभूच्या बापानं दाखवलंय का?"

त्यानं चष्मा लावून कात्रण शांतपणे वाचलं. "सुधाकर, हे शेवटाचं चिन्ह नाही. हे धुणं आहे. सगळ्या बंगळूरचा साबण आहे हा."

"मग खरं चिन्ह कसं ओळखायचं?"

"ज्याला घाई आहे, तो चिन्हं मोजतो," तो म्हणाला. "मला घाई नाही."

घाई नाही तर दर गुरुवारी बस पकडून पळतोस कशाला, हे ओठांवर आलेलं मी गिळलं. पण दुसरं एक खुपत होतं, ते मात्र विचारलं. त्याच्या श्रद्धेप्रमाणे दोघं शेजारी उभे असले तरी एक नेला जाईल आणि एक मागे राहील. "म्हणजे आपण इथे बाय-टू पीत असताना कर्णा वाजला, तर?"

"तर माझा ग्लास तू पिऊन टाक," तो म्हणाला. "वाया घालवू नकोस."

मी हसलो. पण घरी जाताना ते बोचत राहिलं. याचं जायचं ठरलेलं, माझं राहायचं ठरलेलं, आणि गडी ग्लासाची वाटणी करून मोकळा! ज्याची तो इतकी वाट पाहत होता, त्या वरच्यावरही मी त्या दिवसापासून जळायला लागलो. माझी अशी वाट कुणी पाहिलेली नाही. मी दहा मिनिटं उशिरा पोचलो तर शांतवन कॉफी सांगून मोकळा व्हायचा.

शेवटी शत्रूचा गड बघून यावा म्हणून मी एका गुरुवारी त्याच्याबरोबर गेलो. खोलीत वीसेक माणसं, अर्धी प्रार्थना तमिळमध्ये, अर्धी कन्नडमध्ये. प्रभू पेटी वाजवत गात होता, आणि दुःखाची गोष्ट म्हणजे सुरेख गात होता. मध्येच थांबून त्यानं काहीतरी विचारलं. त्यातला "ईगा", म्हणजे आत्ता, आणि "यारु", म्हणजे कोण, एवढेच शब्द मला कळले. कोपऱ्यात थर्मास दिसत होता. कॉफी कुणाकुणाला हवी असं विचारतायत, अशी माझी खात्री झाली आणि मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. बाकीचे हात माझ्यामागून वर गेले. टाळ्या झाल्या, एका बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. प्रश्न होता : आत्ता, या क्षणी वर जायला कोण तयार आहे?

परतीच्या बसमध्ये शांतवननं विचारलं, "खरं सांग, हात कशाला वर केलास?"

"कॉफी…"

तो इतका हसला की कंडक्टरनं वळून पाहिलं. मग मला सूड सुचला. "पण तू कुठे केलास? सगळ्या खोलीत तुझा एकट्याचा हात खाली होता. मी पाहिलंय!"

त्याचं हसू ओसरलं. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "माझं एक काम राहिलंय." कसलं काम, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. काम म्हणजे त्या पेटीवाल्याचंच असणार, हे मी मनोमन ठरवून टाकलं होतं.

तो गेला झोपेत. कर्णा नाही, भूकंप नाही. दफनाच्या वेळी प्रभू गायला आणि मी सर्वांत मागे उभा राहिलो.

गेल्या आठवड्यात दर्शिनीत गेलो आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "बाय-टू." दोन ग्लास समोर आले. या वेळी पोऱ्या हसला नाही. माझा संपवून मी शांतवनच्या ग्लासाकडे बघत उभा होतो. पिऊन टाक म्हणाला होता, पण हात होईना. तेवढ्यात समोर प्रभू. रूथकडे जाऊन आला होता, मी इथे सापडेन असं तिनंच सांगितलं होतं. टेबलाशी उभा राहून त्यानं भरल्या ग्लासाकडे पाहिलं, आणि मी, वय वर्षं सत्तरीपुढचा माणूस, तो ग्लास चटकन स्वतःकडे ओढून घेतला.

"तुमची साखर कशी आहे?" त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं.

"माझी साखर तुम्हाला काय ठाऊक?"

"सगळ्या सभेला ठाऊक आहे. तुमचा गुडघा, तुमचा मुलाशी झालेला अबोला, सगळं. दर गुरुवारी शांतवन तुमच्यासाठीच प्रार्थना करायचे. आमचा वेळ संपायचा, तुम्ही संपत नव्हता." तो थोडा थांबला. "आम्ही सगळे येशूला म्हणायचो, ये, लवकर ये. हे एकटे म्हणायचे, 'स्वल्प तडी, प्रभू.' जरा थांब. पहिल्यांदा मला वाटलं मलाच सांगतायत. मी पेटी बंद केली."

"थांब? कशासाठी?"

"माझा मित्र अजून तयार नाही, म्हणायचे. त्याला मागे ठेवून मी येत नाही."

दर्शिनीतला गोंगाट चालूच होता. मी ग्लास हळूच त्याच्याकडे सरकवला. कॉफी निवली होती. तरी प्रभूनं ती एका घोटात संपवली, ओठ पुसले आणि मला आपादमस्तक न्याहाळलं.

"बघा सर," तो म्हणाला, "तुमच्या एकट्यामुळे सगळ्या जगाला उशीर होतोय."