सखाराम ड्रायव्हर आणि शाळेपुढचे वळण

सखाराम ड्रायव्हर गेल्याची बातमी मला वर्गात कळली. शाळेचा शिपाई दाराशी येऊन हळूच म्हणाला, "बाई, सखाराम गेला सकाळी." मुली पाढे म्हणत होत्या. त्यांना मी थांबवले नाही... त्याला आता महिना होत आला. या माणसाविषयी मी लिहू नये असे राहुरीत पुष्कळांना वाटते, कारण त्याच्याच लॉरीखाली माझे यजमान गेले. पण त्याच्याविषयी दुसरे कोणी लिहिणार नाही, आणि त्याच्याविषयी मला जे ठाऊक आहे ते दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही.

हे देवळाली प्रवऱ्याच्या शाळेत शिक्षक होते. रोज राहुरीहून सायकलने जात. लढाई चालू होती तोवर पेट्रोलचीच मारामार, त्यामुळे रस्त्यावर बैलगाड्याच जास्त. लढाई संपली, लष्कराच्या जुन्या लॉऱ्या लिलावात निघाल्या आणि गुळाच्या व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या. हंगामात दिवसाला जितक्या खेपा होतील तितक्या हव्या असत. लॉरी किती वेगाने हाकायची हे तिच्या फळीवर रंगवलेले असे, पण ते वाचायला रस्त्यावर कोणी नसे. संध्याकाळी हे घरी येत ते धोतराला चिखल लावूनच. "लॉरी आली नि आज पुन्हा सायकलसकट उसात उतरलो," असे हसत सांगत. मीही हसत असे. हे रोजचेच झाले होते.

माघातल्या एका सकाळी ओढ्यावरच्या मोरीवर समोरून सखारामची लॉरी आली. तिथे दोन्ही बाजूंना दगडी कठडा, उतरायला जागाच नव्हती.

सखाराम पळून गेला नाही. गुळाच्या ढेपींवर स्वतःची घोंगडी अंथरून त्याने यांना त्याच लॉरीतून नगरच्या दवाखान्यात नेले. वाटेतच सारे संपले होते. मी आणि सासूबाई पोहोचलो तेव्हा तो व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. तिशीतला, काळासावळा, अंगाने दणकट माणूस. आम्हाला पाहून तो उभा राहिला, आणि मग कुठे बघावे हे न कळून जमिनीकडे पाहत राहिला.

खटला चालला. सायकल एकाएकी आडवी आली असे सांग, म्हणून मालकाच्या वकिलाने त्याला पढवले होते. पण पिंजऱ्यात उभा राहिल्यावर तो म्हणाला, "न्हाई साहेब. मास्तर कडंकडंनं चालले हुते. मीच लई जोरात हुतो." वकिलाने कपाळाला हात लावला. मला मात्र त्याचा जास्तच राग आला. खोटे बोलला असता तर निदान मनासारखा तिटकारा तरी करता आला असता... शिक्षा त्याला झाली. मालकाची लॉरी दुसरा ड्रायव्हर घेऊन त्याच रस्त्याने, त्याच वेगाने धावत राहिली.

लग्नाआधी मी मराठी फायनलची परीक्षा पास झाले होते. त्या जोरावर मला इथल्या मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली. सुटून आल्यावर सखाराम एकदा आमच्या दाराशी आला. सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ओळखले आणि त्या ताडकन उठल्या. "माझा मुलगा खाल्लास, आता दारात कशाला उभा राहतोस? चालता हो!" त्याने पायरीला हात लावला आणि गेला. मी आत उंबऱ्याशी उभी होते. मीही त्याला थांबवले नाही.

पुढे शाळेपुढच्या वळणावर सायकलवरच्या एका गवळ्याला लॉरीने उडवले. बिचाऱ्याचा पाय कायमचा गेला. तेव्हा मी मामलेदारांकडे अर्ज केला, की या वळणावर लॉऱ्यांना वेगाची मर्यादा घालावी, पाटी लावावी. मामलेदारांनी लॉरीवाल्यांना कचेरीत बोलावले. सखाराम आता दुसऱ्या मालकाची लॉरी चालवी; त्याचा पहिला मालकही आला होता. तो म्हणाला, "आमच्या लॉऱ्या हळूच जातात, रावसाहेब. हे सायकलवालेच मधे कडमडतात." खोलीत मी एकटीच बाई. माझ्या बाजूने कोणी बोलेना. तेवढ्यात दारातून सखारामचा आवाज आला, "मालक खोटं बोलत्यात, साहेब. हळू गेलं तर खेप बुडती, आन् खेप बुडली की दुसऱ्या दिशी ड्रायव्हर बदलत्यात. मी चालवलीया ह्यांची गाडी. मानूस मारलाय मी."

पाटी लागली. मात्र त्या दिवसापासून सखारामला कोणी लॉरीला हात लावू दिला नाही. बाजारात तो गुळाच्या ढेपी उचलू लागला. आणि दुपारी शाळा सुटायच्या वेळी काम टाकून तो त्या वळणावर येऊन उभा राहायचा. त्याला कोणी सांगितले नव्हते. लॉरी आली की रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरायचा. ड्रायव्हर त्याला ओळखत. शिव्या देत, पण लॉरी हळू करीत. मुली पलीकडे गेल्या की तो माझ्याकडे न बघताच निघून जायचा.

गेल्या पावसाळ्यात त्याचा खोकला वाढला आणि येणे बंद झाले. कळले की क्षय आहे. मी भेटायला गेले. त्याची बायको कोंडाबाई हिने पाट दिला आणि चहा ठेवायला ती आत गेली. तो गोधडीवर पडला होता, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. मला म्हणाला, "बाई, कोर्टात येक सांगायचं ऱ्हायलं. मास्तरांनी हात वर केला हुता... थांब म्हनून. मी लांबूनच बघितलं हुतं."

"मग?"

"बिरेक चांगला हुता. पाय ठिवला न्हाई मी. वाटलं, व्हतील बाजूला..." तो खोकत राहिला. "सायकलवाले व्हत्यातच की बाजूला. रोजच व्हत्यात."

कोंडाबाई चहा घेऊन आली तेव्हा मी उठले होते. तो चहा मी घेतला नाही. पुन्हा त्या घरी गेले नाही, आणि त्याचे मला वाईटही वाटत नाही. यांनी हात वर केला होता, हे मात्र आता रोज डोळ्यांपुढे येते.

तो गेल्याचे घरी सांगितले. सासूबाई म्हणाल्या, "'बरं झालं' म्हणायला तोंड उघडलं होतं गं... पण म्हणवेना."

शाळा सुटल्यावर आता त्या वळणावर मी उभी राहते. पाटी आहे, तिचा रंग उडायला लागला आहे. ड्रायव्हर मला ओळखत नाहीत. परवा मी सखारामसारखी रस्त्याच्या मधे जाऊन उभी राहिले. लॉरीने लांबूनच भोंगा वाजवला, पण वेग काही कमी केला नाही. शेवटी मीच बाजूला झाले.